सातशे अडुसष्ट

एलियावा बाजाराच्या मागच्या अंगाला,
जिथे जुने सायलेन्सर टांगलेले असतात कणसांसारखे,
तिथे माझं दुकान. दुकान म्हणजे
समुद्र सोडून तिबिलिसीत म्हातारा झालेला एक कंटेनर.

त्सिसाना कुतैसीहून आली सकाळच्या मिनीबसने,
संगणक मांडीवर घेऊन,
आजारी करडू डॉक्टरकडे न्यावं तसा.
"दाढ फिरवली की अडखळतो," म्हणाली.
ती दात करते. कुणाच्या तोंडात बसण्याआधी
तिचे दात पडद्यावर गोल फिरतात,
आणि हल्ली फिरता फिरता थांबतात.

मी फळीवर दोन कार्डं ठेवली.
दोन्ही जुनी. दोन्ही कामकरी, खेळात रमलेली नव्हेत.
के चार हजार, बंद पडलेल्या एका पूल-कचेरीतून आलेलं,
पाठीवर कुणाच्या तरी हाताची चिठ्ठी: *बंद करू नका, खांब चालू आहे.*
आणि के बावीसशे, वर्षा-सव्वा वर्षाने धाकटं,
पंखा कुरकुरतो, बाकी तब्येत बरी.

"चार हजारात सातशे अडुसष्ट कोअर," मी म्हणालो,
आणि 'स' माझ्या मोडक्या दाताच्या फटीतून
शीळ घालत निसटला.
"बावीसशेत सहाशे चाळीस." पुन्हा शीळ.
ती कार्डांकडे बघतच नव्हती.

"मग मोठा आकडा घेऊ?"
इथे खोटं बोलणं सोपं असतं.
चार हजार तीन वर्षं काचेत धूळ खात होतं,
भाडं द्यायचं होतं, बाहेर थंडी होती.
"हत्तीचे दाखवायचे दात वेगळे," मी म्हणालो,
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

"याची वाट रुंद, माल झपाट्याने वाहतो,
पण गोदाम तीन गिगाबाइटचं.
त्याची वाट बारीक, गोदाम चारचं,
आणि हात कमी असले तरी नव्या वळणाचे.
शिवाय याला विजेची वेगळी तार लागते, सहा टाचण्यांची.
ती तुझ्या डब्यात नाहीच.
नाकापेक्षा मोती जड."

"किंमत?"
"हा साठ लारी. तो एकशे दहा."
"पन्नासाचा फरक," तिने मनात मोजलं,
"म्हणजे माझी अर्धी दाढ."

मग तिने पेनड्राइव्ह काढला.
माझ्या मशिनवर आधी चार हजार बसवलं:
एक जबडा उघडला, कुणाचा ते सांगितलं नाही,
निम्मा फिरला, आणि अक्कलदाढेपाशी
हुंदका आल्यासारखा अडकला. मग पुढे सरकला. परत अडकला.
बावीसशे बसवलं.
जबडा फिरला. आख्खा. खालून, आतून,
दाढेच्या खाचेत शिरून बाहेर आला,
जणू त्याला काही तक्रारच नव्हती.
आम्ही दोघंही थोडा वेळ नुसते बघत राहिलो.

"साठच आहेत माझ्याकडे," ती म्हणाली.
मी घासाघिशीला तोंड उघडलं,
आणि तिने तेवढ्यात आत बघून घेतलं.
"वरचा डावा, चौथा. मूळ शाबूत दिसतंय.
दिघोमीत माझी नणंद दवाखान्यात असते, कानस ती लावेल, साचा घेईल.
दात मी करते. पन्नास त्यात गेले."

बाजारात असा सौदा मी केला नव्हता.
मी साठ मोजून घेतले.

महिन्याने दात आला,
कापसात, काड्यापेटीत, मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती.
सोबत निरोप: *एकदाही अडखळला नाही.*

आता आकडे सांगताना शीळ वाजत नाही.
शेजारचा टायरवाला म्हणतो, तुझा आवाज परक्याचा वाटतो.
जीभ दिवसातून दहादा तिथे जाते,
भिंत लागली की परत येते.

चार हजार अजून काचेतच आहे.
चिठ्ठी मी काढलेली नाही.
कुणी विचारलं, चांगलं आहे का,
तर मी आधी त्यांच्या डब्यातली तार बघतो,
मग म्हणतो, सातशे अडुसष्ट.
स्वच्छ.